तेवीस पॉइंट शहाऐंशी

तक्रारीचं वर्णन:

स्कूटर जागेवर उभी, इंजिन चालू, तेव्हा डाव्या बाजूच्या कव्हरातून आवाज येतो. पत्र्याच्या डब्यात खिळे घालून हलवावा तसा. ॲक्सिलरेटर दिला की जातो. सिग्नलला थांबलं की परत येतो.

तक्रार कोणाची:

पूर्णिमाची. माझी बायको. उचगावच्या एका हायस्कुलात गणित शिकवते आणि गडमुडशिंगीहून रोज याच स्कूटरवरून जाते. "अहो, मी फाटकात शिरायच्या आधीच पोरं वह्या उघडून बसतात," ती म्हणाली होती. "खुळखुळा आला म्हणतात. मला नाही, गाडीला. पण वर्गात हसतात ते माझ्याकडं बघून."

भागाचं नाव:

व्हेरिएटर. स्कूटरला गिअर नसतात, गिअरचं काम हा करतो. दोन थाळ्या असतात आणि मधून बेल्ट जातो. वेग वाढला की आतले सहा रोलर बाहेर सरकतात आणि एका थाळीला ढकलतात. ती थाळी बोटाएवढ्या पोलादी नळीवर मागेपुढे होते. त्या नळीला बुश म्हणतात.

या फॉर्मविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीनशॉपमध्ये क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. एखादा भाग नापास झाला की त्यावर लाल चिठ्ठी लावतो आणि ज्याच्या मशीनवर तो झाला त्याच्याकडून हा फॉर्म भरून घेतो. पाच वेळा 'का' विचारायचं. पाचव्या उत्तरात मूळ सापडतं. नियम एकच, पाचव्या उत्तरात माणसाचं नाव चालत नाही. "ऑपरेटरचं लक्ष नव्हतं" असं कुणी लिहून आणलं की मी कागद परत करतो. पद्धतीत काय चुकलं ते लिहा म्हणतो.

नऊ वर्षांत स्वतःसाठी भरतोय तो हा पहिलाच.

का? (१)

आवाज का येतो?

कारण मिस्त्रीनं फिटिंग नीट केलं नाही.

हे उत्तर मी दीड महिना सगळ्यांना दिलं. आता खोडायचंय. पण खोडण्याआधी ते कसं दिलं ते लिहिलं पाहिजे, नाहीतर नुसती रेघ दिसेल.

आमच्या गावातून उचगावला जाताना डाव्या हाताला आकाराम मिस्त्रींचं पत्र्याचं शेड आहे. मागं घर, पुढं गॅरेज. माझ्या वडिलांची लुना त्यांनी माझ्यासमोर कितीदा तरी खोलली. मी तेव्हा तिथल्या टायरवर बसायचो. अनोळखी गिऱ्हाईक आलं की आकाराममामा म्हणणार, "काय पावणं, काय झालं गाडीला?" आणि ओळखीचं आलं की नाव. मला अभ्या. मी इन्स्पेक्टर झालो, लग्न झालं, तरी अभ्याच.

गणपतीच्या आधी पूर्णिमाच्या स्कूटरचा व्हेरिएटर झिजला. मामा म्हणाले, "कंपनीचाच घाल. चार दिस वाट बघावी लागंल, पर निवांत हुशील."

मी नेटवरून बाहेरच्या बनावटीचा मागवून मोकळा झालो होतो. चढाला जोर येतो, पिकअप वाढतो असं लिहिलेलं. खोकं मामांच्या पुढ्यात ठेवलं.

"हे बाहेरचं हाय," मामा म्हणाले.

"मामा, लोकांनी पाच-पाच स्टार दिल्यात."

"लोकांस्नी काय, स्टार फुकट असत्यात."

खोक्यात थाळी होती, रोलर होते आणि नवा बुश होता. बुश हातात घेतला तर नखाला खरखर लागली. मायक्रोमीटर लावला, माप मिलिमीटरमध्ये. तेवीस पॉइंट अठ्ठ्याण्णव. मग गाडीतून काढलेला जुना बुश मोजला. मधोमध, तीन ठिकाणी. तेवीस पॉइंट शहाऐंशी.

म्हणजे फरक मला दिसला होता. दिसला नव्हता असं मी कुठंही लिहिणार नाही.

मी विचार केला तो असा. जुना कंपनीचा, म्हणजे खरा. नवा बाहेरचा, म्हणजे चुकीचा, जाड झालेला, तापला की अडकेल. नव्या बुशच्या पाकिटावर मी लाल चिठ्ठी लावली. नापास. साइज जास्त. पाकीट घरी ड्रॉवरात टाकलं. आणि शिरोलीत राहून बाजारचा बुश कशाला घालायचा म्हणून दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत स्वतः बुश केला. लेथवर काढला, कडक करून आणला, ग्राइंडिंग केलं. तेवीस पॉइंट शहाऐंशी. या टोकापासून त्या टोकापर्यंत केसाचा फरक नाही. शॉपमध्ये चारजणांना दाखवला. एकानं फोटो काढला.

मामांनी तो बोटावर घेतला. त्यावर नवी थाळी चढवली, मान तिरकी करून थाळी थोडी डोलवली.

"अभ्या, जरा ढिलं लागतंय रं."

तिथं हंबीरराव बसले होते. दूध संघाची कॅनची गाडी चालवतात, सकाळची फेरी झाली की दहाला गॅरेजात येऊन बसतात आणि जिल्ह्याची बातमी देतात. त्यांच्यासमोर मी म्हणालो, "मामा, हे मायक्रोमीटरनं मोजलंय. तुमच्या बोटानं न्हवं."

"घ्या मामा!" हंबीरराव मांडीवर थाप मारून हसले. "साहेबानं तुमचं बोट नापास केलं!"

मामाही हसले. आणि बसवलं.

का? (२)

त्याच संध्याकाळी आवाज सुरू झाला.

का? (३)

मामांनी तीनदा खोललं.

पहिल्यांदा रोलर तपासले. सहाही सारखे, नीट बसलेले. दुसऱ्यांदा थाळीच्या मागच्या पत्र्याला प्लास्टिकचे तीन तुकडे असतात ते बदलले, कारण असा खुळखुळाट बहुतेक वेळा त्यांचा असतो. तिसऱ्यांदा बेल्ट काढून बघितला, क्लच बघितला, वायसर मोजले. मग बुश हातात घेऊन थोडा वेळ तसेच उकिडवे बसले. माझ्याकडं बघितलं. त्यांनी तोंड उघडलं होतं. मी आधी बोललो.

"मामा, ऱ्हाऊ द्या आता. तुमचा हात गेला. डोळं तपासून घ्या एकदा."

हंबीरराव होते, दोन गिऱ्हाइकं होती, दारात चिमणाबाई मामी होत्या. मामांनी बुश परत घातला, कव्हर लावलं, बोळ्यानं हात पुसले आणि चावी माझ्या हातात दिली.

हे दसऱ्याच्या आठ दिवस आधीचं. हंबीररावांची गाडी रोज अकरा गावं फिरते. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, पण त्यांना गप्प बसायची सवय नाही. "आकाराममामाचा हात गेला म्हणं. शिरोलीचा इन्स्पेक्टर सांगतोय, आपण न्हाय." दसरा यायच्या आत ही बातमी आमच्या घरी परत आली. पूर्णिमाला स्टाफरूममध्ये कुणीतरी विचारलं, की मिस्त्री आजारी आहेत का.

खंडेनवमीला गॅरेजातली हत्यारं धुऊन, तेल लावून पाटावर मांडतात. हळद-कुंकू वाहतात, झेंडू घालतात. त्या दिवशी पान्याला हात लावायचा नाही. दसऱ्याला सकाळी पाया पडून हत्यार उचलायचं आणि एखादं तरी काम करायचं. मामांनी या वर्षी हत्यारं मांडली. उचलली नाहीत. पंप बाहेर होता, पंक्चरचं सामान बाहेर होतं. हवा आणि पंक्चर, एवढंच.

हे मला कळलं तेव्हा मी काय म्हणालो तेही लिहायला हवं. मी म्हणालो, "वय झालंय. बरंच झालं."

का? (४)

गेल्या शनिवारी जयसिंगपूरचा एक नवा पुरवठादार आमच्याकडं आला. त्याच्या पन्नास पिना मी नापास केल्या होत्या. मी विचारलं, माप कुठून घेतलंस? तो म्हणाला, "साहेब, ड्रॉइंग नव्हतं. मशीनमधनं काढलेली जुनी पिन होती, तीच मोजली."

"वापरलेल्या पीसवरून माप घेतोस?" मी सगळ्या शॉपला ऐकू जाईल असा ओरडलो. "मग काय, झीजसुद्धा कॉपी करून देणार काय आम्हाला?"

तो खाली बघायला लागला. मी पुढचं वाक्य बोललोच नाही. लोकांना वाटलं साहेबांना दया आली.

सोमवारी आम्हाला सुट्टी असते. दुपारी पूर्णिमा शाळेतून आल्यावर अंगणात स्कूटर घेतली. बाहेरच्या थाळीला पाती असतात, तिला पंखा म्हणतात; नट सोडताना तो धरायचं हत्यार घरात नाही, म्हणून पकड लावून धरला आणि नट सोडला. जुना बुश खिळ्यांच्या डब्यात होता. या वेळी मधोमध मोजला नाही. अगदी कडेला मोजला, जिथपर्यंत थाळी पोचत नाही आणि पोलाद घासत नाही. तेवीस पॉइंट अठ्ठ्याण्णव.

ड्रॉवरातलं पाकीट काढलं. लाल चिठ्ठीवर माझं अक्षर. आतला बुश तेवीस पॉइंट अठ्ठ्याण्णव.

गाडीतला, माझा, फोटो काढलेला. शहाऐंशी.

सात वर्षांची झीज मी दोन दिवसांत नवीन पोलादावर उतरवली होती. खऱ्या झिजेत निदान कडा शिल्लक राहते. मी कडाही ठेवली नव्हती.

पाकिटातला 'नापास' बुश घातला. स्टार्ट केली. इंजिनाचा आवाज होता, बाकी काही नव्हतं. शेजारच्या गोठ्यातली म्हैस रवंथ करत होती तेही ऐकू येत होतं.

पूर्णिमा बाहेर आली. "अहो! गेला की! काय होतं?"

"नट," मी म्हणालो. "जरा ढिला होता."

"आकाराममामांना सांगायला पाहिजे."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? मी सकाळी शेडसमोरच्या स्पीडब्रेकरला गाडी हळू करते तेव्हा रोज ते शेडच्या बाहेर येऊन उभे राहतात. दसऱ्यापासून. मान तिरकी करून गाडीचा आवाज ऐकतात आणि आत जातात." तिनं ओढणी खांद्यावर टाकली. "उद्या आवाज आला नाही की बघा, त्यांना किती बरं वाटेल."

ती भाजणी दळून आणायला गिरणीत गेली. मी स्कूटरशेजारी बसून राहिलो.

उद्या मामा बाहेर येतील. स्कूटर मुकाट जाईल. ते समजतील, दुसऱ्या कुणीतरी खोललं आणि बरोबर केलं. म्हणजे चूक आपलीच होती. हात खरंच गेला.

इथं एक सरळ रस्ता होता. उठायचं, पाच मिनिटांवर शेड आहे, जायचं आणि सांगायचं. तो मला दिसत होता. जुन्या बुशची कडा दिसत होती तितका स्पष्ट.

मी पकड घेतली, पंखा धरला, नट सोडला, चांगला बुश काढला आणि माझा परत घातला.

कंपनीत कुणी नापास भाग जाणूनबुजून परत मशीनवर चढवला तर त्याला त्याच दिवशी घरी पाठवतात. मीच पाठवतो.

मनात बेत असा होता, की उद्या गाडी मामांकडं न्यायची. खुळखुळ वाजणारी. ते खोलतील, बुश धरतील, ढिलं हाय म्हणतील. मी चकित होईन. मग पाकीट काढीन, म्हणीन, हा घालून बघू या का. आवाज जाईल. मामांचा हात परत येईल आणि मी कुठंच नसेन. याला मी मनात 'मामांचा मान राखणं' असं नावसुद्धा दिलं.

पूर्णिमा पिठाचा डबा घेऊन परत आली तेव्हा मी गाडी चालू करून बघत होतो.

"आत्ता तर गेला होता!"

"असंच असतं. येतो, जातो."

ती गणिताची बाई आहे. तिनं माझ्या काळ्या हातांकडं बघितलं आणि डबा घेऊन आत गेली.

का? (५)

मंगळवारी मी रजा टाकली, पूर्णिमाला शाळेला बसनं जायला सांगितलं, सकाळी दहाला शेडसमोर गाडी उभी केली आणि इंजिन मुद्दाम चालू ठेवलं.

चिमणाबाई मामी उंबऱ्यावर दिवाळीच्या वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हवा भरायची असंल तर पंप तितं हाय. घे भरून."

"मामी, मामांना जरा दाखवायची हुती."

"त्यांचा हात गेलाय म्हणं. तूच सांगिटलंस न्हवं? मग गेलेल्या हाताकडं काय काम काढलंस?"

मामा आतून आले. दाढी वाढलेली. स्कूटरपाशी उभं राहून मान तिरकी केली, ऐकलं. पाट कोपऱ्यात तसाच होता. पान्यांवरचं कुंकू सुकून तपकिरी झालं होतं आणि झेंडूचा पार चुरा झाला होता.

"एकदा बघा की, मामा."

"तूच खोल," ते म्हणाले. "मी बघतो."

माझ्या बेतात हे नव्हतं. मी डिकीतून माझं सामान काढलं. तेवढ्यात हंबीरराव आले, मोकळी कॅन शेडला टेकवून टायरवर बसले. "आलं व्हय इन्स्पेक्टर! आज काय, वरिजनल तपासणी?"

मी कव्हर काढलं. मामा वाकले. बुश बघतील असं मला वाटलं होतं. त्यांनी पंख्याच्या एका पात्यावर बोट ठेवलं.

"ह्याला पकड कुणी लावली?"

मी पकड पाठीमागं सरकवली.

"माझ्या हातनं पंख्याला कधी पकड लागत न्हाय. आणि ही ताजी हाय. अजून चकाकतीया." त्यांनी नटाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "कवा खोललंस? काल?"

"जरा... बघत हुतो."

"दे हिकडं."

थाळी बुशसकट त्यांच्या हातात दिली. त्यांनी बुश बोटावर घेतला, थाळी डोलवली. त्याच जागी, त्याच मानेनं.

"ढिलं हाय," मामा म्हणाले. मग हळू आवाजात, नुसतं समजून घ्यायचं म्हणून विचारल्यासारखं, "काल खोललंस. हे बघितलंस. आणि परत ह्येच घातलंस?"

"कशाला घालंल, मामा?" हंबीरराव म्हणाले. "येडं हाय काय ते?"

चकित व्हायची माझी वेळ हीच होती. चेहरा मी तयार ठेवला होता, पण तो झालाच नाही. मी खिशातून पाकीट काढलं. लाल चिठ्ठी वर आली.

"मामा, चूक माझी हुती."

"मोठ्यानं," उंबऱ्यावरून मामी म्हणाल्या. वाती वळणारा हात थांबला नव्हता. "मोठ्यानं बोल. त्या दिशी मोठ्यानं बोलला हुतास."

रस्त्यावर एक मोटरसायकलवाला पंक्चर घेऊन येत होता, गाडी ढकलत. त्याच्याही कानावर जाईल इतक्या मोठ्यानं मी बोललो. की जुना झिजलेला बुश मोजला. की नवा बरोबर असून त्याच्यावर नापास लिहिलं. की मामांनी पहिल्याच दिवशी ढिलं म्हटलं होतं आणि मी त्यांच्या बोटाची थट्टा केली. की हात त्यांचा गेला नव्हता. की काल आवाज घालवला होता आणि परत आणला, कारण मामांनी शोधल्यासारखं करावं आणि मला हे सगळं बोलावं लागू नये. शेवटचं सांगायची गरज नव्हती असं मला बोलताना वाटत होतं, पण ते सांगितल्याशिवाय बाकीचं खरं ठरत नव्हतं.

हंबीरराव टायरवरून उठले होते. "आयला," ते म्हणाले. मग, "आणि म्या अकरा गावात..." आणि कॅनचं झाकण उगाच काढून परत बसवलं.

मामा वळले. पाटापाशी गेले. वाकून नमस्कार केला. टी-पाना उचलला, कुंकू शर्टाच्या टोकानं पुसलं. पंखा धरायचं त्यांचं स्वतःचं हत्यार उचललं. माझं सामान पायानं नव्हे, हातानं, नीट बाजूला ठेवलं. पाकिटातला बुश घेतला, थाळी चढवली, डोलवली नाही. नट आवळला. हात जरासुद्धा कापत नव्हता. मी बघत होतो.

स्टार्ट केली. मामी वाती वळायच्या थांबल्या. काही वाजलं नाही.

आता फॉर्मची पाचवी ओळ. मूळ कारण: अभिराम. यात नाव आहे. हा कागद दुसऱ्या कुणी आणला असता तर मी परत केला असता. पद्धत लिहा म्हटलं असतं. पद्धत बरोबर होती. मामांच्या बोटाची पण आणि मायक्रोमीटरची पण.

मी चावीसाठी हात पुढं केला. वाटलं, आता मामा शिवी देतील. लहानपणी पाना चुकीच्या जागी ठेवला की द्यायचे तशी. दिली असती तर बरं झालं असतं.

मोटरसायकलवाला शेडपाशी पोचला होता.

"या पावणं," मामा त्याला म्हणाले. "मागलं चाक व्हय? लावा स्टँडला. जरा थांबावं लागंल, आज कामं हाईत."

मग त्यांनी पाकिटावरची लाल चिठ्ठी नखानं अलगद सोडवली, माझ्या बुशावर गुंडाळली, दाबून चिकटवली. बुश आणि चावी दोन्ही माझ्या तळहातावर ठेवलं.

"हे तुमचं," मामा म्हणाले. "सावकाश जावा, पावणं."